बाबासाहेब रडले तेव्हा

आमच्या वस्तीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याची पत्नी गेली. तिसऱ्या दिवशी ते विहारातल्या बैठकीला हजर. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब त्यांनी नेहमीसारखा खणखणीत आवाजात वाचून दाखवला. सगळ्यांनी कौतुक केले. हाच खरा आंबेडकरवादी, डोळ्यांत टिपूस नाही, असे एकजण म्हणाला. बैठक संपल्यावर चपला शोधत मी मागे राहिलो, तर ते विहाराच्या पायरीवर एकटेच बसले होते आणि त्यांना उठवत नव्हते.

तेव्हा वाटले, आपण बाबासाहेबांचे चरित्र अर्धेच सांगतो. चवदार तळे सांगतो, संविधान सांगतो, दीक्षाभूमी सांगतो. मध्ये जी माणसे गेली त्यांची नावे भाषणात एका दमात घेऊन पुढे सरकतो. बाबासाहेब किती रडले आणि रडून झाल्यावर त्या दुःखाचे त्यांनी काय केले, हे मात्र तरुण पोरापोरींना कोणी नीट सांगत नाही.

सुरुवात सुरतच्या स्टेशनापासून करू. १९१३ सालचा जानेवारी. बी.ए. झालेले भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत नुकतेच रुजू झाले होते. वडील रामजी सुभेदार अत्यवस्थ असल्याची तार आली, म्हणून ते मुंबईला निघाले. वाटेत सुरतला उतरले ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला. तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींनी मुलाकडे डोळे भरून पाहिले, आणि २ फेब्रुवारीला ते गेले. भीमराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते. घरच्यांची समजूत काढण्याऐवजी ते स्वतःच हंबरडा फोडून रडले. आई भीमाबाई तर ते पाच-सहा वर्षांचे असतानाच गेली होती.

गाडी चुकल्याची ती रुखरुख कोणालाही आतून खात राहील. आपल्यापैकी किती जणांची अशी एखादी गाडी चुकलेली असते. फोन उशिरा उचललेला असतो, रजा मिळालेली नसते. रामजींचा सगळा जीव मुलाच्या शिक्षणात होता. पुस्तकासाठी पैसे नसले की ते लेकीकडे जाऊन तिचे दागिने मागून आणत आणि गहाण टाकत. वडील गेल्याला सहा महिने होत नाहीत तोच, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले होते. तिथल्या ग्रंथालयात तासन्‌तास बसणाऱ्या त्या मुलाच्या मनात काय चालले होते, हे आपण सांगू नये. एवढे मात्र खरे की वडिलांनी अर्धवट सोडलेले काम तो पुढे नेत होता.

त्यानंतर लेकरे गेली. यशवंत जगला. गंगाधर, रमेश, मुलगी इंदू आणि धाकटा राजरत्न ही चार मुले गेली. बाबासाहेबांच्या परदेशातल्या शिक्षणाच्या काळात इकडे मुंबईत रमाई एकट्याने घर ओढत होत्या. अमेरिका, लंडन, मुंबई यांच्यामधली पत्रे आठवड्यांनी पोहोचत. आपल्या भीमगीतांत रमाईंच्या फाटक्या लुगड्याचे जे वर्णन येते, ते ऐकत आपण मोठे झालो. पण गाणे संपल्यावर टाळ्या वाजतात. त्या घरात टाळ्या नव्हत्या.

राजरत्न १९ जुलै १९२६ रोजी गेला. हा मुलगा बाबासाहेबांचा फार लाडका. महिन्याभराने त्यांनी कोल्हापूरचे आपले सहकारी दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. चार लेकरांना पुरून बसलेला बाप त्या पत्रात उघडा होतो. आयुष्यातले मीठच गेले, आता कशालाच चव उरली नाही, असा त्याचा सूर आहे. आपण सावरलो आहोत असा कुठलाही आव त्यात नाही. बाबासाहेबांना ज्यांनी फक्त पुतळ्यात पाहिले आहे त्यांनी हे पत्र अवश्य वाचावे.

या पत्रानंतरचे महिने तारखांसकट पाहण्यासारखे आहेत. ऑक्टोबर १९२६ मध्ये पुण्याच्या एका बदनामीच्या खटल्यात त्यांनी बागडे, जेधे, जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचा बचाव केला आणि खटला जिंकला. १९२७ च्या सुरुवातीला ते मुंबई कायदे मंडळाचे सदस्य झाले. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. राजरत्नला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. पुढच्या पंधरवड्यात, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. माणसे नाहीत, पैसा नाही, म्हणून अंकाचे चोवीस-चोवीस रकाने ते एकटे लिहून काढत.

राजरत्नच्या दुःखामुळे महाड घडले, असा सरळ हिशेब मी मांडणार नाही. महाडमागे सुरबा टिपणीसांसारख्यांची तयारी होती, बोले ठराव होता, कोकणातल्या हजारो माणसांची चीड होती. तरी मला एक दिसते. आपल्या घरातली चार लेकरे औषधपाण्याअभावी, दारिद्र्यात गेली, हे त्या माणसाने फक्त आपले नशीब मानले नाही. अशी लेकरे दर घरात जात होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती लपवून आपण रमाईंवर अन्याय करतो. काम हा दुःखावरचा उपाय असतो, तसा तो घरच्यांपासून लांब नेणारा रस्ताही असतो. बाबासाहेबांना ते कळत होते. ‘बहिष्कृत भारत’च्या फेब्रुवारी १९२८ च्या एका लेखात त्यांनी छापील कबुली दिली आहे. आपण परदेशात असताना बायकोने डोक्यावरून शेणाच्या पाट्या वाहिल्या आणि आता आपण परत आलो तरी चोवीस तासांतला अर्धा तासही तिला देता येत नाही, असे त्यात आहे. चळवळीतल्या किती पुरुषांनी असे कधी लिहिले असेल? त्याच चार लेकरांची आई असलेल्या रमाईंना रडायला ना वर्तमानपत्र होते, ना सभा.

रमाईंची पंढरपूरला जायची फार इच्छा होती. बाबासाहेबांनी नेले नाही. जिथे आपल्या माणसाला लांब उभे राहून परतावे लागते तिथे कशाला जायचे, असे त्यांचे म्हणणे. आपण स्वतःच्या सदाचाराने, कष्टितांच्या सेवेने वेगळी पंढरी उभी करू, असे त्यांनी त्यांना सांगितले होते. त्यानंतर २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाई गेल्या. भायखळ्याच्या बाजारात लग्न लागले तेव्हा नऊ-दहा वर्षांची असलेली ही मुलगी जाताना अवघी सदतीस वर्षांची होती.

अंत्ययात्रेला दहा हजारांवर लोक होते. बाबासाहेब मान खाली घालून चालत होते. धम्मदीक्षेला अजून एकवीस वर्षे होती, त्यामुळे तेव्हाच्या रीतीप्रमाणे विधी झाले. ते यशवंतरावांनी केले. (यावरून आज कोणी नाक मुरडले तर त्याला सन तेवढे विचारावे.) घरी आल्यावर बाबासाहेबांनी खोलीचे दार लावून घेतले. आठवडाभर ते लहान मुलासारखे रडत होते. त्यांनी मुंडण केले, भगवी कफनी घातली, आणि सगळे सोडून विरक्त व्हावे अशा मनःस्थितीत ते काही दिवस होते. एवढा मोठा बॅरिस्टर, गोलमेज परिषद गाजवलेला माणूस कफनीत बसलेला पाहून कार्यकर्ते घाबरले.

ते आठ दिवस मला फार मोलाचे वाटतात. त्यांनी स्वतःला ते दिवस दिले. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब वाचायला ते तिसऱ्या दिवशी उभे राहिले नाहीत.

मग १ जूनला सरकारी विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर त्यांची नेमणूक झाली. मे संपता संपता बायको गेली आणि जूनच्या पहिल्या तारखेला ही जबाबदारी आली. पाऊस सुरू झाला, कॉलेज सुरू झाले. १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. रमाईंना जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. पंढरपूरचे ते अपुरे बोलणे आणि येवला यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. काळाराम मंदिराच्या पाच वर्षांच्या सत्याग्रहाचा अनुभव त्या घोषणेमागे होता, हे विसरू नये. पण नागपूरच्या दीक्षाभूमीवर पहाटेपासून चालत आलेल्या म्हाताऱ्या बाया जेव्हा म्हणतात की ही रमाईची पंढरी, तेव्हा मी तरी वाद घालत नाही.

दुःख आठवड्यात संपले नाही. १९४० च्या अखेरीस ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ प्रसिद्ध झाले. फाळणीचा प्रश्न, लोकसंख्येचे तक्ते, सैन्याची आकडेवारी असे ते रुक्ष पुस्तक. पहिल्याच पानावर अर्पणपत्रिका आहे ती रामूच्या स्मृतीला. तिच्या मनाचा चांगुलपणा, तिचे शील, आणि मित्र नव्हते, पैसा नव्हता त्या दिवसांत तिने शांतपणे सोसलेले सगळे, यांची नोंद बाबासाहेबांनी तिथे केली. रमाईंना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. देशाचे पुढारी ते पुस्तक उघडणार होते, आणि त्यांना आधी शेणाच्या पाट्या वाहणाऱ्या बाईचे नाव वाचावे लागणार होते. लाडाचे नाव, जसे घरात हाक मारत तसे.

पुढे त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले, तेही उतारवयाकडे झुकल्यावर. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये स्थापन केली, पुढच्या वर्षी मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, नंतर औरंगाबादला मिलिंद. ज्या बापाची लेकरे हातातून गेली त्याने हजारोंच्या लेकरांची फी, वसतिगृह, ग्रंथालय यांची काळजी वाहिली. मिलिंदच्या परिसरातली झाडे तोडलेली त्यांना खपत नसत.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहायला त्यांनी साधारण पाच वर्षे घेतली. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी अधू झाली होती, पाय साथ देत नव्हते. तथागतांचे माणूसपण सांगताना त्यांनी एक छोटे प्रकरण दुःखी माणसाचे सांत्वन कसे करावे यावर ठेवले. त्रिपिटक आणि अट्ठकथांच्या एवढ्या अफाट साहित्यातून त्यासाठी दोन गोष्टी निवडल्या. एक किसागोतमीची. मेलेले मूल कडेवर घेऊन, जिथे कोणी मेले नाही अशा घरातली मोहरी शोधत ती दारोदार फिरते. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. विशाखेची नात सुदत्ता मरण पावते. विशाखा रडत तथागतांकडे जाते. ते तिला विचारतात, श्रावस्तीत मुली किती आहेत? पुष्कळ, ती सांगते. त्या सगळ्या तुझ्या नातीसारख्या असत्या तर त्यांच्यावर तू माया केली असतीस ना? हो. आणि रोज त्यांतल्या किती मरतात? पुष्कळ. मग तू रात्रंदिवस रडतच राहणार का? विशाखेला उमगते.

मला ही गोष्ट आधी कोरडी वाटायची. चार लेकरे पुरलेल्या माणसाने ती निवडून लिहिली आहे हे लक्षात आल्यावर वाटेनाशी झाली. नातीवरची माया कमी कर, असे तथागत विशाखेला सांगत नाहीत. ती श्रावस्तीतल्या सगळ्या मुलींपर्यंत कशी पोहोचेल, याची वाट दाखवतात.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत बाबासाहेब याच ग्रंथाची प्रस्तावना चाळत होते. सकाळी ते उठले नाहीत. पुस्तक १९५७ मध्ये निघाले.

पायरीवर बसलेल्या त्या काकांच्या शेजारी मीही त्या रात्री बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते बायकोबद्दल बोलायला लागले, आणि रडले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांनी विहारातल्या अभ्यासिकेला पुस्तकांचे एक कपाट दिले. कपाटावर तिचे नाव आहे, आडनाव नाही, हुद्दा नाही. ते घरात तिला जी हाक मारत तेच नाव पेंटरकडून लिहून घेतले आहे. वरच्या फळीवर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आहे. आठवा खंड काढा, दुसरा भाग. सांत्वनाचे ते प्रकरण दोन-तीन पानांचेच आहे.