औषधींचा शोधक गार्सिया द ओर्ता

इ. स. १५३४ च्या मार्च महिन्यात पोर्तुगालमधील लिस्बन बंदरातून काही गलबते हिंदुस्थानकडे निघाली. मार्तीं आफोंसो द सोझा या दर्यासारंगाबरोबर त्याचा वैद्य म्हणून गार्सिया द ओर्ता हा विद्वान त्या ताफ्यात होता. त्याचे वय तेव्हा तेहतीसच्या आसपास होते. सालामांका आणि अल्काला येथील नामांकित विद्यापीठांत तो वैद्यक शिकला होता आणि लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन करीत होता. अशी मानाची जागा सोडून तो सहा महिन्यांच्या खडतर समुद्रप्रवासाला निघाला. पूर्वेकडील वनस्पती व औषधे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, ही त्याची फार दिवसांची इच्छा होती. परंतु याहून निराळेही एक कारण असावे, आणि ते उघडपणे बोलण्याची त्या काळी सोय नव्हती.

गार्सियाचे आईबाप ज्यू होते. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने आपल्या राज्यातील सर्व ज्यूंना हद्दपार केले, तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले. तेथेही पाच वर्षांनी सर्व ज्यूंवर ख्रिस्ती धर्म लादण्यात आला. गार्सिया त्यानंतर, १५०१ च्या सुमारास, कास्तेलु द व्हीद या गावी जन्मला. असे बाटवलेले लोक ‘नवे ख्रिस्ती’ म्हणून ओळखले जात. घरात गुपचूप ते जुना धर्म पाळतात असा संशय आला, तर त्यांना तुरुंग, छळ, प्रसंगी जिवंत जाळण्याची शिक्षा होई. हा तपास करणाऱ्या धर्मन्यायालयाला इन्क्विझिशन म्हणत. ते पोर्तुगालमध्ये १५३६ साली स्थापन झाले; गार्सिया त्याच्या दोन वर्षे आधीच सागरापार गेला होता.

सप्टेंबरात तो गोव्यास पोहोचला. पहिली काही वर्षे सोझाच्या स्वाऱ्यांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर दीवपर्यंत हिंडला आणि मग गोव्यातच स्थायिक झाला. त्याच्या हाताला यश होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांपासून अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहापर्यंत अनेक जण त्याच्याकडून उपचार करून घेत. निजामशहाशी तर त्याचा स्नेहच जडला. शहाने त्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवावीत आणि त्याने शहाला लॅटिन नावे सांगावीत, असा या दोघांचा परिपाठ होता. पुढे पोर्तुगीज सरकारने त्याला मुंबईचे बेट खंडाने दिले. आज जेथे एशियाटिक सोसायटीची इमारत आहे, तिच्या मागच्या बाजूस त्याचे घर व बाग होती असे मानतात. त्या बेटावर आपले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, हे त्याने मोठ्या कौतुकाने नोंदवून ठेवले आहे.

युरोपातील वैद्यकाची त्या वेळची स्थिती ध्यानात घेतल्याखेरीज या माणसाचे मोठेपण कळणार नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक ग्रंथकारांचा शब्द तेथे अखेरचा मानला जाई. पण हे ग्रंथकार हिंदुस्थानात कधी आले नव्हते. साहजिकच येथील पदार्थांविषयी त्यांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्यांच्या ग्रंथांत अद्भुत कथा शिरल्या होत्या. दालचिनीच्या काड्यांनी पक्षी घरटी बांधतात आणि तेथून ती गोळा करावी लागते, असे एका प्राचीन ग्रीकाने लिहिले होते. चिंच हे रानटी खजुराचे फळ आहे, असे काही अरब पंडित सांगत. कारण तिचे अरबी नावच मुळी ‘हिंदी खजूर’ असे होते! चिंचेचे झाड ज्याच्या दारात आहे त्याला हे ऐकून हसू येईल. परंतु ज्याने ते कधी पाहिलेच नाही, त्याने ग्रंथावर विश्वास ठेवला तर त्याला दोष कसा द्यावा? ओर्ताने मात्र झाडे पाहिली, पाने चुरगाळून हुंगली, फळे चाखली, व्यापाऱ्यांना व खलाशांना प्रश्न विचारले. दालचिनी ही सिंहलद्वीपातील एका झाडाची साल आहे आणि जायफळ व जायपत्री ही दोन्ही एकाच फळातून निघतात, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले.

रोग्यांच्या बाबतीतही त्याची हीच रीत होती. तो प्रथम आपल्या ग्रंथांतील औषधे देई. त्यांचा गुण येत नाही असे दिसले की येथील वैद्यांची औषधे देऊन पाही. अतिसारावर कुड्याचा होणारा उपयोग त्याने असाच नोंदवला. परक्या मुलखात राज्यकर्ता म्हणून आलेल्या समाजातील माणसाने जिंकलेल्यांकडून शिकावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

गोव्यात एका भयंकर रोगाची साथ वारंवार उद्भवे. १५४३ साली तर तिने असंख्य बळी घेतले. कोकणातले लोक या रोगाला ‘मोडशी’ म्हणत. हा शब्द आजही जुन्या माणसांच्या तोंडी ऐकू येतो. पोर्तुगिजांनी त्याचा ‘मोर्देशी’ असा अपभ्रंश केला. हाच पटकी किंवा कॉलरा. ओर्ताने रोग्यांच्या उशाशी बसून त्याची लक्षणे टिपली. वांत्या व जुलाब, हाताला जेमतेम लागणारी नाडी, थंडगार पडून घामेजलेले अंग, न शमणारी तहान, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे पेटके. पुष्कळ रोगी चोवीस तासांत, काही तर दहा तासांतच दगावतात, असे तो लिहितो. पूर्वेकडील पटकीचे एखाद्या युरोपीय वैद्याने केलेले हे अगदी आरंभीचे वर्णन होय. येथील वैद्य अशा रोग्याला मिरी व जिरे घातलेली तांदळाची पेज देत, हेही त्याने लिहून ठेवले. शरीरातील पाणी झपाट्याने निघून गेल्यामुळे पटकीचा रोगी मरतो आणि मीठ घातलेल्या पेजेने ते पाणी भरून काढता येते, हे विसाव्या शतकात प्रयोगांनी सिद्ध झाले. मात्र ओर्ताचे सर्वच उपाय असे गुणकारी नव्हते. प्राण्यांच्या पोटात सापडणाऱ्या बेझोअर नावाच्या खड्यावर त्याचा भरवसा होता, आणि तो निरर्थक होता. पटकीचे सूक्ष्म जंतू ओळखले जाण्यास अजून तीनशे वर्षांचा अवधी होता.

आपले अनुभव त्याने एका ग्रंथात संकलित केले. गोव्यात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षे झाली होती. तेथे १५६३ च्या एप्रिलमध्ये तो ग्रंथ छापून निघाला. छपाईत इतक्या चुका राहिल्या की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले! पंडितांच्या लॅटिनऐवजी त्याने तो व्यवहारातील पोर्तुगीज भाषेत लिहिला, आणि तोही संवादाच्या रूपाने. रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य स्पेनमधून नुकताच आला आहे. तो पदोपदी जुन्या ग्रंथांचे आधार देतो आणि ओर्ता त्याला प्रत्यक्ष वस्तू दाखवतो. मध्येच आंतोनिया ही दासी बागेतून एखादी वनस्पती आणून देते. मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन माहिती सांगतो. स्पेनमध्ये असतो तर ग्रीक आचार्यांविरुद्ध बोलण्याचे धैर्य आपल्याला झाले नसते, अशी कबुलीही ओर्ता या संवादात देतो.

वनस्पतींविषयी इतके निर्भयपणे लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःविषयी मात्र मौन पाळावे लागले. ज्या धर्मन्यायालयाचे भय पोर्तुगालमध्ये होते, ते १५६० साली गोव्यातही येऊन ठाकले. त्याची आई व बहिणी त्यापूर्वीच त्याच्या आश्रयास गोव्यात आल्या होत्या. १५६८ साली ओर्ता मरण पावला, तोवर त्याला कोणी हात लावला नाही. पण पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला जिवंत जाळण्यात आले. ओर्ता स्वतःही मनाने ज्यूच राहिला होता, असे चौकशीत बाहेर आले. मग १५८० साली त्याची हाडे कबरीतून उकरून काढून जाळण्यात आली आणि राख मांडवी नदीत टाकली गेली.

ग्रंथ मात्र तोवर दूर गेला होता. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिस्बनमध्ये त्याची प्रत मिळाली. ती वाचून त्याने लॅटिनमध्ये संक्षेप केला, आणि तो ओर्ताच्या हयातीतच, १५६७ साली, अँटवर्प शहरी प्रसिद्ध झाला. पुढे इटालियन व फ्रेंच भाषांतही त्याची रूपांतरे निघाली. पणजी शहराच्या मध्यभागी एक जुने उद्यान आहे. त्याला गार्सिया द ओर्ताचे नाव देण्यात आले आहे.