नामदार जगन्नाथ शंकरशेट आणि शिक्षणमंडळ

शाळा म्हटली की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे इमारत व गुरुजन उभे राहतात. शाळेचा पैसा व अभ्यासक्रम ह्यांची काळजी वाहणारे मंडळ मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या त्या काळी, इ. स. १६३६ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड महाविद्यालयावर तेथील अधिकारी व धर्मोपदेशक ह्यांच्या मंडळाची देखरेख असे. पुढे आमच्या मुंबई इलाख्यातही शिक्षणावर देखरेख करणारे एक मंडळ झाले. त्यात आपल्या लोकांची बाजू ज्यांनी निर्भयपणे मांडली, ते नामदार जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट होत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी एका धनाढ्य व्यापारी घराण्यात झाला. १८२२ साली वडील वारले, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या कोवळ्या वयात संपत्ती हाती आली असता पुष्कळांचे पाऊल घसरते. नानांनी ती लोककार्यास लाविली. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे ते आधारस्तंभ झाले. १८२७ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. त्या निधीतूनच एल्फिन्स्टन महाविद्यालयाचा उगम झाला.

१८४० साली सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापिले. अध्यक्षाखेरीज तीन सभासद सरकारने नेमावयाचे व तीन सोसायटीने, अशी त्याची घटना होती. सोसायटीच्या वतीने नाना, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मक्बा हे सभासद झाले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन व सरकारी शाळा ह्या बोर्डाकडे आल्या.

१८४३ साली सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाले. पैसा थोडा, तेव्हा वरच्या वर्गास इंग्रजीतूनच उत्तम शिक्षण द्यावे, असे त्यांचे मत होते. नानांचा इंग्रजीस विरोध नव्हता. परंतु मूठभर लोक इंग्रजी शिकल्याने अवघ्या प्रजेत ज्ञान पसरणार नाही, त्यास मातृभाषाच हवी, असे ते आग्रहाने सांगत. जर्व्हिस ह्या इंग्रज सभासदानेही हीच बाजू घेतली. वाद सरकारपर्यंत गेला, तरी पेरीसाहेबांचा इंग्रजीवरील भर ओसरला नाही. नाना मात्र रुसून घरी बसले नाहीत. बोर्ड संपेपर्यंत ते काम करीत राहिले. पुढे १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने प्राथमिक शिक्षणात देशी भाषांस स्थान दिले.

मुलींस शिकविणे लोकांस रुचत नव्हते, त्या काळी नानांनी मुलींच्या शाळेस आपल्या वाड्यात जागा दिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. तो लोहमार्ग घडवून आणण्यातही त्यांचा हात होता. वाशीहून ठाण्यास गाडीने जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे स्मरण अवश्य करावे.

३१ जुलै १८६५ रोजी नाना निवर्तले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात चमकणाऱ्यांसाठी पुढे त्यांच्या नावे शिष्यवृत्ती सुरू झाली. सभेत आपले मत मागे पडले म्हणून कार्य सोडू नये, आणि कार्य हवे म्हणून मत गिळू नये, हाच ह्या चरित्राचा बोध आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे नम्रपणे ठेवितो.