डेव्हिड ससून

डेव्हिड ससून (ऑक्टोबर १७९२, बगदाद – ७ नोव्हेंबर १८६४, पुणे) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे बगदादी ज्यू व्यापारी व दानशूर होते. ससून रुग्णालयामुळे त्यांचे नाव शिरूर-दौंडपासून मावळ-मुळशीपर्यंत पुणे जिल्ह्यात सर्वत्र परिचित आहे. त्यांच्याच दानातून पुण्यात निराधार वृद्ध व अपंग यांच्यासाठी स्थापन झालेले अनाथ पंगूगृह, म्हणजेच आजचा निवारा वृद्धाश्रम, मात्र त्यामानाने उपेक्षित राहिला आहे.

पूर्वायुष्य

डेव्हिड यांचे वडील ससून बिन सालेह हे बगदादच्या पाशांचे मुख्य खजिनदार व तेथील ज्यू समाजाचे प्रमुख होते. दाऊद पाशाच्या अमदानीत ज्यू धनिकांचा छळ सुरू झाल्यावर कुटुंबाला शहर सोडावे लागले. इराणी आखातावरील बुशहर बंदरात आश्रय घेतलेला असतानाच १८३० मध्ये, ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या वडिलांचे निधन झाले. त्यानंतर १८३२ च्या सुमारास डेव्हिड मुंबईस आले. हना आणि तिच्या निधनानंतर फरहा असे त्यांचे दोन विवाह झाले. त्यांना एकूण आठ पुत्र होते.

व्यापार

मुंबईत त्यांनी डेव्हिड ससून आणि कंपनी ही पेढी उभारली. १८४२ च्या नानकिंग तहाने चीनची बंदरे खुली झाल्यावर १८४४ मध्ये त्यांचे पुत्र इलियास चीनला गेले आणि पेढीचा विस्तार झाला. कापूस व सुती मालाबरोबरच अफू हा या व्यापाराचा मोठा आधार होता. त्यांच्या दानधर्माचे वर्णन करताना ही बाब अनेकदा गाळली जाते. परंतु पुण्या-मुंबईतील त्यांच्या वास्तू ज्या संपत्तीतून उभ्या राहिल्या, तिचा एक भाग चिनी जनतेच्या व्यसनातून आला होता, हे नाकारता येत नाही. १८५३ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले, तरी पोशाख व राहणी अखेरपर्यंत बगदादी ठेवली.

दानकार्य

ज्यू धर्मपरंपरेत दान हे कर्तव्य मानले जाते व त्यानुसार पेढीच्या व्यवहारांतील ठरावीक अंश धर्मादायासाठी वेगळा काढला जाई. मुंबईत भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग आणि मुलांसाठीची सुधारशाळा ही त्यांची प्रमुख कार्ये होत. पुण्यातील रुग्णालयाचे बांधकाम १८६७ मध्ये पूर्ण झाले. तेव्हा तेथे १४४ रुग्णांची सोय होती.

अनाथ पंगूगृह

रुग्णालयासोबतच, १८६० च्या दशकात, डेव्हिड ससून अनाथ पंगूगृहाची स्थापना झाली. या नावातील अनाथ शब्दाचा अर्थ आईबाप नसलेले मूल असा नसून, ज्याला सांभाळणारे कोणी उरलेले नाही असा मनुष्य, असा आहे. वृद्धांची काळजी घेणे हे एकत्र कुटुंबाचे काम समजले जात असलेल्या काळात, ज्यांना कुटुंबच नाही अशांसाठी स्वतंत्र संस्था काढणे हे या दानाचे वेगळेपण होय. रुग्णालयातून रोगी बरा होऊन घरी जातो. पंगूगृहातील रहिवाशाला बहुधा जाण्यासाठी घर नसते. त्यामुळे तेथे औषधापेक्षाही रोजचे अन्न, स्वच्छता, रात्री हाकेला येणारे माणूस आणि अखेरच्या आजारातील शुश्रूषा यांना अधिक महत्त्व येते.

अशा संस्थेत किती सेवक असावेत, रहिवाशांची तक्रार कोणी ऐकावी, पाहणी कोणी करावी, याविषयी त्या काळी कोणताही कायदा नव्हता. सारी भिस्त देणगीदाराच्या निधीवर आणि व्यवस्थापकांच्या सचोटीवर होती. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने धर्मादाय संस्थांच्या हिशेबांवर देखरेख आली. पण चोख हिशेब म्हणजे चोख शुश्रूषा नव्हे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ मध्ये झाला. त्याच्या कलम १९ नुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम स्थापन करू शकते आणि वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना ठरवून सेवांचे व वैद्यकीय काळजीचे निकष निश्चित करू शकते. यांतील दोन्ही तरतुदी अधिकार देणाऱ्या आहेत, बंधनकारक नाहीत. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान निकष यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते त्या लोकसभेची मुदत संपेपर्यंत संमत झाले नाही. पंगूगृहाच्या स्थापनेपासून दीड शतक उलटल्यानंतरची ही स्थिती आहे.

ही संस्था आज नवी पेठेत निवारा या नावाने कार्यरत आहे. आवारातील निवारा सभागृह सार्वजनिक कार्यक्रमांमुळे पुणेकरांच्या परिचयाचे आहे; सभागृहाला हे नाव मागच्या वृद्धाश्रमावरून मिळाले, याची जाणीव मात्र सर्व श्रोत्यांना असतेच असे नाही.

मृत्यू व स्मारके

७ नोव्हेंबर १८६४ रोजी पुण्यातील गार्डन रीच या निवासस्थानी त्यांचे निधन झाले. रुग्णालय आणि ओहेल डेव्हिड सिनेगॉग (लाल देऊळ) या दोन्ही वास्तू त्या वेळी अपूर्ण होत्या. लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील डेव्हिड ससून ग्रंथालयात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. भायखळ्यातील त्यांच्या सां सूसी या निवासस्थानी पुढे मसिना रुग्णालय सुरू झाले. कुलाब्याची ससून गोदी त्यांच्या नावावर सांगितली जाते, परंतु ती त्यांचे पुत्र अल्बर्ट (अब्दुल्ला) ससून यांनी १८७५ मध्ये बांधली.