हसत हसत शिकविणारे मास्टर विनायक

मानवी जीवनात अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्याइतकीच हसण्याचीही गरज असते. तरीपण हसविणाऱ्याला आपल्याकडे मान थोडा. रडविणारा कलावंत थोर आणि हसविणारा नुसताच गमत्या, अशी आपली समजूत असते. खरे सांगायचे तर माझीही तशीच होती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आजीजवळ बसून भावाच्या मोबाईलवर एक जुना मराठी चित्रपट पाहिला आणि ती समजूत बदलली. तो चित्रपट म्हणजे १९३८ सालचा 'ब्रह्मचारी' आणि त्याचे दिग्दर्शक व नायक होते मास्टर विनायक. आज त्यांचे नाव आमच्या वर्गात फारसे कोणाला ठाऊक नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मास्टर विनायक यांचे पूर्ण नाव विनायक दामोदर कर्नाटकी. त्यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापूर येथे झाला. चित्रपटकलेचे वातावरण त्यांना घरातच लाभले. बाबूराव पेंढारकर आणि भालजी पेंढारकर हे त्यांचे बंधू, व्ही. शांताराम नात्यातले, तर वासुदेव कर्नाटकी हे भाऊ पुढे कॅमेरामन म्हणून नावाजले. १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' कंपनी निघाली. तिच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटात विनायकांनी काम केले. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्यास गेली. विनायक मात्र 'कोल्हापूर सिनेटोन'मध्ये आले आणि १९३५ मध्ये 'विलासी ईश्वर' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी 'हंस पिक्चर्स' ही स्वतःची संस्था काढली.

विनायकांचे मोठेपण येथे दिसते. त्या काळी पडद्यावर देव, राक्षस आणि राजेरजवाडे यांची गर्दी होती. त्यांनी मात्र साहित्यिकांच्या घराची वाट धरली. 'ययाती'कार वि. स. खांडेकर यांना चित्रपटात आणले ते विनायकांनीच. खांडेकरांच्या कथेवरचा 'छाया' (१९३६) हा गंभीर चित्रपट. पण विनायकांच्या प्रतिभेला खरा बहर आला तो आचार्य अत्रे यांच्या लेखणीमुळे.

'ब्रह्मचारी'ची कथा अत्र्यांचीच. औदुंबर नावाचा एक साधा तरुण देशभक्त जटाशंकराचे व्याख्यान ऐकतो आणि ब्रह्मचर्याच्या कल्पनेने पेटून उठतो. सिनेनट्यांची जमवलेली चित्रे फेकून देतो, दंडबैठका काढतो आणि आचार्य चंडीरामांच्या आश्रमात दाखल होतो. तेवढ्यात किशोरी येते आणि व्रत डळमळू लागते! औदुंबर झाले आहेत स्वतः विनायक आणि किशोरी मीनाक्षी शिरोडकर. पोहण्याच्या पोशाखातील त्यांच्या गाण्याने त्या वेळी मोठी खळबळ उडाली होती. ते गाणे लागले तेव्हा माझी आजी क्षणभर पदर तोंडावर घेऊन बसली आणि मग पदराआडून हसू लागली. आमच्या घरची बोली अहिराणी, आजीला अक्षरओळख नाही. तरी त्या चित्रपटातले ढोंग तिला माझ्याआधी कळले. ऐंशी वर्षांहून जुन्या विनोदाला याहून मोठे प्रशस्तिपत्रक कोणते?

१९३९ मध्ये विनायक आणि अत्रे यांचा 'ब्रँडीची बाटली' आला. त्याच वर्षी मुंबईत दारूबंदी सुरू झाली होती. बगाराम हा नगरपालिकेतील भोळा कारकून. त्याचे मालतीवर प्रेम आहे आणि तिच्या आजारी भावासाठी ब्रँडी हवी आहे. बगारामची अडचण अशी, की ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही! तो गावभर ती शोधत फिरतो. दामूअण्णा मालवणकरांनी हा बगाराम अजरामर केला आहे.

हा चित्रपट पाहताना मला माझाच कॉलेजातील पहिला आठवडा आठवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ट्युटोरियल म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते. ती एखादी खोली असावी अशा समजुतीने मी साऱ्या व्हरांड्यात तिची चौकशी करीत हिंडले. मुले हसली. ते हसणे पुष्कळ दिवस मनात सलत होते. बगारामला पाहून मीही पोट धरून हसले. पण त्या हसण्यात त्याच्याविषयी माया होती. विनायकांच्या विनोदाचे मर्म मला तेथे सापडले. जो जाणत नाही त्याचे ते कौतुकाने हसू करतात. जो जाणत असल्याचे सोंग आणतो त्याची मात्र गय करीत नाहीत. बगारामला ते कुशीत घेतात, जटाशंकर आणि चंडीराम यांची पगडी उडवितात. आपण कोणाला हसतो यावरून आपण कोण ते कळते, एवढे मी या माणसाकडून शिकले.

१९४० मध्ये चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना त्यांनी 'लग्न पहावे करून' या चित्रपटात पडद्यावर आणले. चिमणराव होते दामूअण्णा आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. दूरदर्शनवर हीच जोडी गाजली ती त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी.

पुढे विनायकांनी 'प्रफुल्ल पिक्चर्स' काढली. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर वारले, तेव्हा त्यांच्या कुटुंबाला आधार देणाऱ्यांत विनायक होते. लहानग्या लताला त्यांनी आपल्या कंपनीत काम दिले. लताबाईंच्या मातोश्री आपल्या खानदेशातल्या, तापीकाठच्या थाळनेरच्या. तेव्हा विनायकांचे थोडे ऋण आपल्या मातीवरही आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

१९ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर अवघ्या चार दिवसांनी, मुंबईत विनायकांचे निधन झाले. वय केवळ एक्केचाळीस. आपल्या धरणगावात जन्मलेले बालकवी अठ्ठाविसाव्या वर्षीच गेले. आनंद वाटणाऱ्यांना आयुष्य असे तोकडे का मिळावे, कोण जाणे! विनायकांची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. घराला हातभार लावण्यासाठी तिला लहानपणीच सिनेमात काम करावे लागले. तीच पुढे प्रसिद्धीस आलेली अभिनेत्री नंदा.

मित्रमैत्रिणींनो, सिनेमा म्हणजे वेळेचा नाश असे आमचे वडील मानतात. त्या दिवशी शेतातून आल्यावर ते दाराशीच उभे राहिले आणि उभ्या उभ्या अर्धा 'ब्रह्मचारी' पाहून गेले. काही बोलले नाहीत. पण जेवताना मध्येच एकटेच हसले. येत्या सुट्टीत आपणही घरच्या मंडळींना जवळ बसवून हे जुने चित्रपट अवश्य पाहा. चित्र पुसट आहे, आवाज खरखरतो, पण हसू अजून ताजे आहे.

— द्वितीय वर्ष, कला