दूरच्या भविष्यातले प्राणी पाहणारा लेखक : एच. जी. वेल्स

उत्क्रांती म्हटले की आपली नजर सहसा भूतकाळाकडे वळते. घोड्याचे पूर्वज केवढे होते, देवमासा जमिनीवरून पाण्यात कसा गेला, माणसाच्या आधी कोण होते, हेच प्रश्न आपल्याला सुचतात. जी प्रक्रिया कोट्यवधी वर्षे चालत आली ती आज आपल्यापाशी येऊन थांबलेली नाही, आणि आपल्या ओळखीच्या प्राण्यांचे रूप पुढेही पालटत राहील, हे मात्र क्वचितच ध्यानात येते. हा विचार प्रयोगशाळेतून उचलून सामान्य वाचकाच्या मनात रुजवणाऱ्यांमध्ये हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातील ब्रॉम्ली या गावी झाला. वडील जोसेफ हे चिनी मातीच्या भांड्यांचे छोटे दुकान चालवीत आणि केंटकडून व्यावसायिक क्रिकेटही खेळत. आई सारा या लग्नाआधी मोठ्या घरांत चाकरीस होत्या. दुकान कधी नीट चालले नाही. १८७४ साली पाय मोडल्याने छोट्या हर्बर्टला अंथरुणावर पडून राहावे लागले, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांना वाचनाची गोडी लागली. प्राण्यांची चित्रे असलेले निसर्गेतिहासाचे एक पुस्तक तेव्हा त्यांच्या हाती आले. १८७७ मध्ये वडिलांची मांडी मोडली, क्रिकेटची मिळकत थांबली आणि घराची घडी विस्कटली. आईने अपपार्क येथील एका मोठ्या वाड्यात कारभारीण म्हणून नोकरी धरली, तर मुलाला साउथसी येथील कापडदुकानात उमेदवारीला ठेवण्यात आले. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या त्या राबणुकीला कंटाळून १८८३ साली ते तेथून सुटले आणि मिडहर्स्टच्या शाळेत शिकता शिकता शिकवू लागले.

१८८४ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील विज्ञान शाळेत दाखल झाले. आठवड्याला एक गिनी एवढ्या तुटपुंज्या रकमेवर, अर्धपोटी राहून त्यांनी पहिले वर्ष काढले. परंतु त्याच वर्षाने त्यांचे आयुष्य घडवले. जीवशास्त्र शिकवायला थॉमस हेन्री हक्सले होते. डार्विन यांच्या सिद्धान्ताचा भर सभांतून कैवार घेणारे हे हक्सले. त्यांच्या हाताखाली प्राण्यांची चिरफाड करताना, देह हा काळाच्या ओघात बदलत आलेला दस्तऐवज आहे, ही दृष्टी वेल्स यांना लाभली. पुढील वर्षांत त्यांचे मन अभ्यासातून उडाले आणि १८८७ मध्ये ते भूशास्त्राच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. पदवी हाती न घेताच बाहेर पडून त्यांनी वेल्स प्रांतातील एका शाळेत नोकरी धरली. तेथे फुटबॉल खेळताना मूत्रपिंडाला जबर मार बसला. पाठोपाठ खोकल्यातून रक्त पडू लागले आणि क्षयाची शंका आली. आपल्या हाती फार वर्षे नाहीत, या जाणिवेची सावली त्यांच्या तारुण्यावर पडली.

तरीही १८९० साली त्यांनी लंडन विद्यापीठाची पदवी प्राणिशास्त्रात प्रथम वर्गाच्या सन्मानासह मिळवली, आणि १८९३ मध्ये स्वतः आकृत्या काढून जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पुन्हा रक्तस्राव झाला, शिकवणे सोडावे लागले आणि उपजीविकेसाठी केवळ लेखणी उरली. नियतकालिकांसाठी लिहिलेल्या छोट्या लेखांतूनच भविष्यातील प्राण्यांची त्यांची कल्पना आकाराला आली.

१८९१ च्या एका लेखात त्यांनी, उत्क्रांती म्हणजे सतत वर चढणारी शिडी, या लोकप्रिय समजुतीवर बोट ठेवले. असिडियन नावाचा समुद्रजीव बालपणी शेपटीने पोहतो आणि त्याच्या पाठीत कण्याची पूर्वखूण असते. प्रौढ झाल्यावर मात्र तो खडकाला चिकटून पिशवीसारखा होतो आणि शेपटी व कण्याची ती खूण दोन्ही गमावतो. परिस्थितीने मागणी केली तर जीव गुंतागुंतीकडून साधेपणाकडेही जातात, हे या उदाहरणावरून दिसते. मग माणसाचेच आसन कायमचे कशावरून? १८९४ साली मानवाच्या विनाशावर लिहिताना त्यांनी खेकडे, महाकाय माखले, मुंग्या आणि रोगजंतू यांना संभाव्य वारसदार म्हणून उभे केले. हे सारे प्राणी ओळखीचे, त्यांतले काही तर ताटातले. त्यामुळेच वाचक अधिक अस्वस्थ झाला.

१८९५ मध्ये 'द टाइम मशीन' ही कादंबरी आली. इसवी सन ८०२७०१ मध्ये मानवजातीच्या दोन शाखा झालेल्या आहेत. वरच्या सुखवस्तू शाखेचे वंशज नाजूक, बालिश आणि निर्बुद्ध झाले आहेत. खालच्या श्रमिकांचे वंशज अंधारात राहून फिकट व प्रकाशभीरू बनले आहेत आणि वरच्यांनाच भक्ष्य करीत आहेत. संकट उरले नाही की बुद्धीचीही गरज उरत नाही, हा जीवशास्त्रीय विचार आणि इंग्लंडमधील वर्गभेद येथे एकत्र आले. तळघरातल्या स्वयंपाकघरात आणि चाकरीत आयुष्य काढणाऱ्या बाईच्या मुलाला हा भेद पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्याही पुढच्या काळात मंदावलेल्या तांबड्या सूर्याखाली, निर्जन किनाऱ्यावर टेबलाएवढे खेकडे सरपटताना दिसतात. माणसाचा मागमूसही उरलेला नाही. नियतकालिकात क्रमशः आलेल्या आवृत्तीत माणसाचे सशासारखे उड्या मारणारे वंशजही होते. पुस्तकातून तो प्रसंग त्यांनी गाळला. कादंबरीची एक प्रत त्यांनी हक्सले यांना पाठवली. त्याच वर्षी जूनअखेर हक्सले निवर्तले.

१९०२ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात त्यांनी या कल्पनाशक्तीला पद्धतीचे रूप देण्याचा प्रयत्न केला. जीवाश्मांवरून न पाहिलेला भूतकाळ उभा करता येतो, तर चालू प्रक्रियांवरून भविष्याचेही अनुमान का करू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकट्या व्यक्तीचे भविष्य सांगता येणार नाही, पण मोठ्या प्रवाहांची दिशा शोधता येईल, असे त्यांना वाटे.

या विचाराची काळी बाजूही लपवता येत नाही. १९०१ च्या 'अँटिसिपेशन्स' या पुस्तकात त्यांनी भावी समाजाला अकार्यक्षम वाटणाऱ्या लोकांबद्दल आणि युरोपेतर वंशांबद्दल अत्यंत निष्ठुर विधाने केली. निसर्गात जे घडते ते समाजात घडवून आणावे, असे मानण्याची चूक त्यांच्या हातून झाली. ती त्यांना मागे टाकावी लागली. १९४० साली वंश व वर्ण न पाहता प्रत्येक मनुष्याच्या हक्कांचा जाहीरनामा मांडणाऱ्यांत तेच पुढे होते.

१९२९-३० मध्ये हक्सले यांचे नातू ज्युलियन आणि स्वतःचा मुलगा जॉर्ज फिलिप यांच्यासह त्यांनी 'द सायन्स ऑफ लाइफ' हा जीवशास्त्राचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला. वृद्धापकाळी लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली; रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मात्र त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही आणि त्याची खंत त्यांना होती. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी त्यांचा सूर निराश झाला. तरुणपणी मृत्यूची वाट पाहणारा हा माणूस जवळजवळ ८० वर्षे जगला. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. रक्षा समुद्रात सोडण्यात आली.

१९८१ साली स्कॉटिश भूशास्त्रज्ञ डूगल डिक्सन यांनी ५ कोटी वर्षांनंतरचे, माणसाविना असलेले प्राणिजगत रेखाटले. त्यात उंदरांचे वंशज शिकारी होतात आणि सशांचे वंशज हरणांची जागा घेतात. या वाटेवर वेल्स यांचे खेकडे आधीच चालून गेले होते. मनुष्य ही उत्क्रांतीची अखेर नाही, त्याचे टिकणे गृहीत धरता येत नाही आणि म्हणूनच त्याच्यावर जबाबदारी आहे, हे त्यांचे सांगणे सव्वाशे वर्षांनंतरही जुने झालेले नाही.