ठिणगीला कामाला लावणारे शास्त्रज्ञ : बोरिस लाझारेन्को

धातू कापायचा तर हत्यार त्याहून कठीण हवे, हा कारागिरीच्या जगातला फार जुना नियम. लोहाराच्या छिन्नीपासून लेथवरच्या टूलपर्यंत सारी अवजारे याच नियमाने घडली. १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, मॉस्कोतील एका शास्त्रज्ञ दांपत्याने या नियमाला तडा दिला. बोरिस रोमानोविच लाझारेन्को आणि त्यांच्या पत्नी नतालिया इओआसाफोव्हना लाझारेन्को यांनी दाखवून दिले, की पितळेसारखा मऊ धातूही कठीणातल्या कठीण पोलादात हवा तो आकार कोरू शकतो. त्यासाठी हत्याराने कामाला स्पर्शही करावा लागत नाही. दोहोंमधली ठिणगी ते काम करते. आज टूलरूममध्ये ‘स्पार्क मशीन’ किंवा ‘ईडीएम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राचा उगम इथला आहे.

बोरिस लाझारेन्को यांचा जन्म १९१० सालचा. त्यांच्या उमेदीची वर्षे मॉस्कोत विद्युत् तंत्रज्ञानाच्या संशोधनात गेली आणि विजेच्या संपर्कबिंदूंची झीज हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. हा विषय वरकरणी रुक्ष आणि किरकोळ वाटतो. पण जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य सोव्हिएत हद्दीत घुसले आणि त्याला एकाएकी युद्धाचे मोल आले. पेट्रोल इंजिनाच्या प्रज्वलन यंत्रणेत टंगस्टनच्या दोन टिकल्या क्षणाक्षणाला एकमेकींना चिकटतात आणि सुटतात. आपल्याकडच्या जुन्या स्कूटर-मोटारींचे मिस्त्री त्यांनाच ‘सीबी पॉइंट’ म्हणत. दर वेळी सुटताना तेथे बारीक ठिणगी पडते. काही काळाने एका टिकलीवर खड्डा आणि दुसरीवर उंचवटा तयार होतो, इंजिन अडखळू लागते आणि अखेर गाडी बंद पडते. टंगस्टन ३,४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतो. कोणत्याही धातूचा वितळणबिंदू याहून अधिक नाही. तोही या इवल्या ठिणगीपुढे टिकत नव्हता. ही झीज थांबवण्याचा उपाय शोधणे, हे लाझारेन्को दांपत्याकडे आलेले काम होते.

ठिणगी धातू खाते हे तेव्हा नवे नव्हते. ऑक्सिजनच्या शोधामुळे प्रसिद्ध असलेले इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७६० च्या दशकातच लायडन जारच्या संचातून ठिणग्या पाडून धातूच्या पृष्ठभागावर उमटणारे वितळलेले ठिपके आणि त्यांभोवतीची रंगीत वलये न्याहाळली होती. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे हा परिणाम विजेच्या उपकरणांचा एक दोष म्हणूनच ओळखला गेला. स्विच, रिले, जनित्रांचे ब्रश यांची झीज कमी कशी करावी एवढाच प्रश्न सर्वांपुढे होता.

लाझारेन्को यांनीही आरंभ याच प्रश्नापासून केला. त्यांनी निरनिराळे धातू आणि निरनिराळी माध्यमे पारखून पाहिली. त्या ओघात त्यांनी संपर्कबिंदू तेलात बुडवून पाहिले. झीज काही थांबली नाही. मात्र तेलात ठिणग्या हवेतल्यापेक्षा अधिक नियमित पडत होत्या आणि धातूचे सूक्ष्म कण सुटून तेलात मिसळत होते. नेमून दिलेल्या कामाच्या दृष्टीने हे अपयशच होते. पण याच अपयशातून त्यांना उलट दिशेचा विचार सुचला. झीज टाळता येत नसेल, तर ती हव्या त्या जागी, हव्या त्या मापाने घडवून आणता येईल का?

याचे उत्तर त्यांना मिळाले, आणि ३ एप्रिल १९४३ या तारखेने त्यांच्या पद्धतीची सोव्हिएत शोध-प्रमाणपत्रात नोंद झाली. त्यांची मांडणी आश्चर्य वाटावे इतकी साधी होती. रोधकातून येणाऱ्या विजेने कॅपॅसिटर हळूहळू भरत जातो. त्याच्या दोन टोकांपैकी एक कामाच्या तुकड्याला आणि दुसरे हत्याराला, म्हणजे इलेक्ट्रोडला, जोडलेले असते. दोन्ही तेलात बुडालेले असतात आणि त्यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी फट असते. दाब पुरेसा वाढला की त्या फटीतले तेल विजेला वाट देते आणि साठलेली सारी ऊर्जा एका क्षणात ठिणगीतून बाहेर पडते. ठिणगीच्या मार्गात तापमान ८,००० ते १२,००० अंशांच्या घरात जाते. धातूचा एक सूक्ष्म थेंब वितळून उडतो, तेलात थिजतो आणि मागे एक खळगा राहतो. लगेच कॅपॅसिटर पुन्हा भरू लागतो. सेकंदाला अशा हजारो ठिणग्या पडतात आणि इलेक्ट्रोडचा आकार कामात उलटा उतरत जातो. या जोडणीला तंत्रज्ञ आजही ‘लाझारेन्को सर्किट’ म्हणतात.

या पद्धतीत धातूच्या कठीणपणाला काही किंमत उरली नाही. पाणी दिलेले पोलाद आणि मऊ लोखंड ठिणगीला सारखेच. भोकात तुटून अडकलेला टॅप किंवा ड्रिल, कोणतेही टूल न चालणारे टंगस्टन कार्बाइड, बारीक वाकडी छिद्रे अशी अडलेली कामे आता होऊ लागली. १९४४ साली धातूंच्या विद्युत् झिजेवरील या दांपत्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९४६ साली दोघांना स्टालिन पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेत हॅरॉल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर हे तीन अभियंते ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत तुटलेले टॅप व ड्रिल काढण्यासाठी स्वतंत्रपणे ठिणगीकडेच वळले होते. एका युद्धाच्या निकडीने जगाच्या दोन टोकांना जवळजवळ एकच वाट दाखवली, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

तरीही लाझारेन्को यांच्यापुढचा मूळ प्रश्न सुटला नव्हता. त्याने फक्त रूप पालटले होते. ठिणगी दोन्ही बाजू खाते. काम झिजते तसा इलेक्ट्रोडही झिजतो, आणि इलेक्ट्रोड झिजला की त्याचा बिघडलेला आकार कामात उतरतो. येथे त्यांच्या अभ्यासातील सर्वांत मोलाचा भाग उपयोगी पडला. अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या ठिणगीत धनाग्र ऋणाग्रापेक्षा अधिक झिजते. म्हणून काम धन टोकाला आणि हत्यार ऋण टोकाला जोडायचे. अशा रीतीने त्यांनी ही झीज विषम केली. ती कोणाच्या वाट्याला किती यावी हे ठरवण्याची किल्ली हाती घेतली. हेच त्यांच्या कार्याचे मर्म होय.

या विषमतेचा त्यांनी आणखी एक उपयोग केला. हवेत, टोके उलटी जोडून ठिणग्या पाडल्या, तर हत्याराचा धातू सुटून कामाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो आणि त्याच्याशी एकजीव होतो. झिजणाऱ्या अवजाराच्या धारेवर कठीण धातूचा थर चढवण्याची पद्धत यातून निघाली. कोरणे आणि भरणे ही दोन्ही कामे एकच ठिणगी करू लागली.

पहिल्या यंत्रांची खरी उणीव वेग ही होती. कॅपॅसिटर मोठा केला तर प्रत्येक ठिणगी अधिक धातू काढते, पण खळगे मोठे होऊन पृष्ठभाग खडबडीत होतो. शिवाय मोठा कॅपॅसिटर भरायला वेळ लागतो. प्रवाह फार वाढवला आणि इलेक्ट्रोडचे तोंड लहान असले, तर ठिणग्या विखुरण्याऐवजी एकाच जागी ज्वाळेसारख्या स्थिरावतात आणि काम जाळतात. सर्वांत मोठी अडचण सुटलेल्या कणांची. खोल खाचेत हा चुरा साचला की ठिणगी नवा धातू काढण्याऐवजी चुऱ्यातूनच उडी घेते, भोकाच्या बाजू खाते आणि यंत्राला पुनःपुन्हा मागे यावे लागते.

पुढच्या काळात या अडचणींची उत्तरे बरीचशी इलेक्ट्रोडच्या रचनेतच शोधली गेली. इलेक्ट्रोड पोकळ करून त्यातून दाबाने तेल सोडले, की चुरा वाहून जातो आणि वेग वाढतो. मात्र पोकळीखाली धातूचा एक बारीक खुंट शिल्लक राहतो. म्हणून भोके तिरपी किंवा मध्यापासून बाजूला घेतली जातात, किंवा इलेक्ट्रोड फिरता ठेवतात. इलेक्ट्रोडचे माप फटीच्या हिशेबाने साच्यापेक्षा थोडे लहान ठेवावे लागते. घाईचे, ढोबळ काम एका इलेक्ट्रोडने करून सफाईचा हात दुसऱ्याने फिरवायचा, ही रीतही रुळली. पितळेची जागा तांबे, तांबे-टंगस्टन आणि ग्रॅफाइट यांनी घेतली. ग्रॅफाइट वजनाने हलके, घडवायला सोपे, आणि ३,५०० अंशांपलीकडेही न वितळता टिकणारे. त्यामुळे मोठ्या साच्यांची ढोबळ कोरणी त्याने झपाट्याने होऊ लागली.

कॅपॅसिटरऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारे जनित्र आल्यावर ठिणगी किती काळ टिकावी हे ठरवता येऊ लागले. तेव्हा आढळले, की ठिणगी दीर्घ झाली की पारडे फिरते. हत्यार धन टोकाला जोडले तर तेच कमी झिजते. तापलेल्या तेलातून सुटलेला कार्बन इलेक्ट्रोडवर बसतो आणि त्याचे कवच होतो. पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकीय आज्ञांवर चालणारी वायरकट यंत्रे आली. त्यात इलेक्ट्रोड म्हणून बारीक तार सतत पुढे सरकत राहते. झिजलेला भाग निघून जातो आणि कामासमोर नेहमी नवी तार येते. झीज पूर्ण मान्य करून तिच्यावर केलेली ही मात लाझारेन्को यांच्या विचाराला शोभणारीच होती.

युद्धानंतर मॉस्कोत विद्युत् प्रक्रियेच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेची धुरा त्यांनी सांभाळली. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते चिनी विज्ञान अकादमीच्या अध्यक्षांचे सल्लागार होते. १९६१ साली मोल्दाव्हियाच्या विज्ञान अकादमीची स्थापना झाली आणि त्यांच्या कार्याचे केंद्र किशिनेव्ह या शहराकडे सरकले. द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध असलेल्या, अवजड उद्योगांची फारशी परंपरा नसलेल्या त्या छोट्या प्रजासत्ताकात १९६४ साली उपयोजित भौतिकी संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक लाझारेन्को होते. पदार्थांवरील विद्युत् प्रक्रियांना वाहिलेले नियतकालिक त्यांनी १९६५ मध्ये सुरू केले. ते आजही निघते. १९७९ साली त्यांचे निधन झाले.

आज प्लास्टिकची बादली, मोटारीचा सुटा भाग, औषधाच्या बाटलीचे झाकण यांपैकी बहुतेकांचे साचे कोठे तरी ठिणगीच्या हाताखालून गेलेले असतात. पुणे, बेळगाव, कोल्हापूर, वडोदरा, इंदूर या परिसरांतील टूलरूममध्ये तेलाच्या टाकीत तडतडणारी ही यंत्रे नवलाची राहिलेली नाहीत. त्यांवर काम करणाऱ्या कारागिरांपैकी फार थोड्यांना लाझारेन्को हे नाव ठाऊक असेल. परंतु इलेक्ट्रोड घडवताना माप किती कमी ठेवावे, भोक कोठे पाडावे, तांबे घ्यावे की ग्रॅफाइट, टोके कशी जोडावीत, असा विचार ते रोज करतात, तेव्हा ते त्या दांपत्याचाच प्रश्न पुढे नेत असतात. सीबी पॉइंट वाचवण्याचे मूळ काम लाझारेन्को यांच्या हातून पूर्ण झाले नाही. पण ज्या झिजेने त्यांना हरवले, तिलाच त्यांनी जगाच्या कारखान्यांत मानाची जागा मिळवून दिली.