'स्टर-फ्राय'वाली डॉक्टर

चायनीजच्या गाडीसमोर ऑर्डरची वाट बघत उभे असताना तुम्ही कधी त्या कढईकडे नीट बघितलंय? खाली भणाणती आग, तेल अगदी थोडं आणि एक सेकंदही न थांबणारा हात. दोन-तीन मिनिटांत प्लेट तुमच्या हातात येते. या प्रकाराला आपण बिनधास्त 'स्टर-फ्राय' म्हणतो. पण हा शब्द इंग्रजीला दिला तो एका चिनी डॉक्टर बाईनं आणि तिच्या घरानं. गंमत म्हणजे तिला स्वतःला इंग्रजी बेताचंच येत होतं!

तिचं नाव बुवेई यांग चाओ. जन्म १८८९ चा, चीनमधल्या नानजिंगचा. घर मोठं आणि विद्वानांचं. तिच्या जन्माआधीच तिचं लग्न नात्यातल्याच एका मुलाशी ठरवून टाकलेलं होतं. तुम्ही म्हणाल, त्या काळात मुलगी काय करणार? या मुलीनं ते लग्न मोडलं. पुढे विशीच्या आसपास ती मुलींच्या एका शाळेची मुख्याध्यापिका झाली आणि मग डॉक्टर व्हायला थेट टोकियोला गेली.

स्वयंपाकाशी तिची गाठ पडली ती तिथे. जपानी जेवण काही केल्या घशाखाली उतरेना. घरच्या चवीची आठवण काढत तिनं स्वतःच चूल पेटवली. होस्टेलवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नकोच. मेसच्या जेवणाला कंटाळूनच तर आपल्यातले कितीतरी जण कुकरची शिट्टी मोजायला शिकले!

डॉक्टर होऊन ती बीजिंगला परतली आणि एका मैत्रिणीसोबत तिनं दवाखाना सुरू केला. पाश्चात्त्य वैद्यकाची प्रॅक्टिस करणाऱ्या चीनमधल्या सुरुवातीच्या स्त्री-डॉक्टरांपैकी ती एक. १९२१ मध्ये तिनं भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांच्याशी लग्न केलं. वरात नाही, मानपान नाही. विचारवंत हू शी आणि एक मैत्रीण अशा दोघांना घरी जेवायला बोलावलं, तिनं स्वतः रांधलं आणि जेवणं झाल्यावर पाहुण्यांनी साक्षीदार म्हणून कागदावर सह्या केल्या. झालं लग्न!

पण त्याच वर्षी नवऱ्याला हार्वर्डमध्ये शिकवायला जायचं होतं, आणि दवाखाना मागे राहिला. पुढची बरीच वर्षं अमेरिका, युरोप, पुन्हा चीन आणि युद्ध पेटल्यावर परत अमेरिका अशी गेली. मार्गारेट सँगर यांचं मुलींच्या आरोग्याविषयीचं पुस्तक तिनं चिनीत आणलं, चार मुली वाढवल्या. डॉक्टरकी मात्र मागे पडत गेली, आणि ती सल तिच्या मनात राहिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये होतं. घरी पाहुण्यांचा राबता. तिथूनच पाककृतींच्या पुस्तकाची कल्पना निघाली. आता अडचण बघा. बाई लिहिणार चिनीत, पुस्तक हवं इंग्रजीत. थोरली मुलगी रूलान भाषांतराला बसली. मायलेकींची शब्दाशब्दावरून भांडणं. त्यात नवऱ्याला मुलीचं इंग्रजी फारच गुळगुळीत वाटलं, म्हणून त्यानं जागोजागी बायकोच्या बोलण्याची ढब परत आणली. अंडी परतायची कृती तर त्यानंच लिहिली, कारण तेवढा एकच पदार्थ त्याला नीट जमायचा.

या ओढाताणीत एक चिनी शब्द अडला. मोठी आच, कमी तेल, बारीक तुकडे आणि सतत हलवणं, हे सगळं त्या एका शब्दात होतं. आपल्याकडे 'परतणं' आहे, म्हणून आपल्याला ही अडचण कळत नाही. इंग्रजीत तसा शब्द नव्हता. मग जोडशब्द तयार झाला, 'स्टर-फ्राय'. १९४५ मध्ये पुस्तक आलं. लेखिका पर्ल बक यांनी प्रस्तावनेत बाईंना शांततेचं नोबेल द्यायला हवं असं सुचवलं. खुद्द बाईंनी मात्र लिहिलं की हे पुस्तक लिहिल्याची लाज वाटते, डॉक्टरनं खरं तर रुग्ण तपासायला हवेत. बोलणं थट्टेचं, पण त्यामागचं दुखणं लपत नाही.

त्या पुस्तकामागचा हिशोब तुम्हीही घरी करून बघा. अमेरिकेत एक स्टेक म्हणजे एका माणसाचं जेवण. चिनी स्वयंपाकघरात तोच स्टेक चौघांना पुरतो. पाव किलो स्टेक अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, घट्ट झाला की पातळ कापता येतो. सुरी धाग्याच्या आडवी चालवा, नाहीतर मांस चिवट लागेल. एक मोठा चमचा सोया सॉस आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर चोळून पंधरा मिनिटं ठेवा. पाव किलो कोळंबी सोलून, काळा दोरा काढून कोरडी पुसा. स्टेक नको असेल तर चिकनच्या पातळ पट्ट्या घ्या, फक्त त्या आतपर्यंत शिजल्यात ना, ते बघा.

कढई धूर येईपर्यंत तापवा. तेल आणि आल्याच्या काड्या टाका. आधी मांस, साधारण दीड मिनिट, आणि ते काढून ठेवा. मग कोळंबी. ती गुलाबी होऊन वळली की मांस परत आत, वर चमचाभर सोया सॉस आणि मूठभर कांद्याची पात. एकदा हलवा, गॅस बंद. सोबत गरम भात. सगळं एकदम कढईत ओतलंत तर मात्र पाणी सुटेल आणि परतण्याऐवजी उकडणं होईल.

बाई १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत गेल्या. जो दवाखाना सुटल्याची खंत होती, तो पुन्हा काही उभा राहिला नाही. पण त्यांच्या घरातल्या भांडणातून निघालेला शब्द आज आपल्या कोपऱ्यावरच्या मेन्यूकार्डावरही दिसतो. पुढच्या वेळी तो वाचाल तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंची आठवण ठेवा. आणि हो, कापाकापी आधी उरकून घ्या. कढई तापल्यावर कुणासाठी थांबत नाही.